आत्याची उन्हाळी, लॅबचा रिपोर्ट आणि कल्याणची आनंदी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय थोडा ‘तसला’ वाटेल, म्हणजे चारचौघांत बोलत नाहीत तसला. म्हणूनच लिहितेय.

माझी आत्या कल्याणला जुन्या गावात राहते, पारनाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. वय ७४. मी डोंबिवलीत. गेल्या मे महिन्यात तिने फोनवर सहज सांगितलं, "अगं, दोन दिवस उन्हाळी लागलीय." मी म्हटलं, सब्जा घे, पाणी पी, आणि डॉक्टरांना दाखव. ती गेलीही. दवाखान्यात एक तरुण मुलगा होता. आत्याने त्यालाही तेच सांगितलं, "उन्हाळी लागलीय." तो म्हणाला, "हो आजी, यंदा ऊन फारच आहे. दुपारचं बाहेर पडू नका."

हे ऐकून आम्ही खूप हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मग आत्याने हळू आवाजात, दाराकडे बघत, "लघवीला जळजळ होते" असं सांगितलं. तेव्हा कुठे लघवीची तपासणी, कल्चर आणि पाच दिवसांच्या गोळ्या असं सगळं मार्गी लागलं. दोन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट मोबाईलवर आला. आत्या जुनी मॅट्रिक, इंग्रजी अक्षरं लावून वाचते. रिपोर्टमध्ये औषधांची भलीमोठी यादी होती. ती घेत असलेल्या गोळीपुढे लिहिलं होतं ‘सेन्सिटिव्ह’. आता सेन्सिटिव्ह म्हणजे काय? तिच्या लेखी, सोसत नाही ते. दात सेन्सिटिव्ह, त्वचा सेन्सिटिव्ह, तसंच. त्यात त्या गोळीने लघवी गडद पिवळी व्हायला लागली होती. झालं! आत्याने निष्कर्ष काढला की गोळी उष्ण पडली, आणि रिपोर्टवालेही तेच सांगताहेत.

यादीत दुसऱ्या एका औषधापुढे होतं ‘रेझिस्टंट’. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ‘रेझिस्टन्स पॉवर वाढवा’ हे इतकं ऐकलंय, की तो शब्द तिला चांगलाच वाटला. रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकारशक्ती! योगायोगाने त्याच औषधाची अर्धी पट्टी घरातल्या डब्यात उरलेली होती. तिने चालू गोळी बंद केली आणि ती सुरू केली.

चौथ्या दिवशी रात्री थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली कळ, उलट्या. मी पोहोचले तेव्हा ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारत होती. आई जाऊन नऊ वर्षं झालीत. पाच दिवस हॉस्पिटल, सलाईनमधून औषधं. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. आत्या सुखरूप घरी आली, पण तिथल्या डॉक्टरीण बाई शांतपणे म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही: "औषध बरोबर होतं, रिपोर्टही बरोबर होता. फक्त तो त्यांना कळेल असा नव्हता."

मी शाळेत इतिहास शिकवायचे. त्यामुळे खोड अशी, की काही झालं की हे कधीपासून असं आहे ते शोधायचं. म्हणून या शब्दांचा माग काढला. तो फिरून फिरून आपल्या कल्याणलाच येऊन पोहोचला.

आधी ‘उन्हाळी’. हा अस्सल मराठी शब्द आहे. लघवी करताना आग होणं, थेंबथेंब होणं, पुन्हापुन्हा जावंसं वाटणं, या सगळ्या त्रासाला एकच सुटसुटीत शब्द. उष्णतेने होतं ही जुनी समजूत त्यातच बसलेली आहे. जंतूंचा पत्ता लागण्याआधी माणसांना जे जाणवलं, ते त्यांनी शब्दात ठेवलं. आयुर्वेदात याला मूत्रकृच्छ्र म्हणतात. कृच्छ्र म्हणजे कष्ट, त्रास. चरकसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितलेत, त्यात खड्यामुळे होणाराही आहे. गंमत बघा, डॉक्टर रिपोर्टवर ‘डिसयुरिया’ लिहितात ना, त्याची ग्रीक फोड अगदी हीच आहे: ‘डिस’ म्हणजे त्रासाने, ‘युरिया’ म्हणजे मूत्राचं. दोन वेगळ्या जगांतल्या वैद्यांनी एकाच दुखण्याला एकाच पद्धतीने नाव दिलं.

मग हा शब्द कुजबुजून का बोलायचा? मुतखडा झालेला माणूस लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना सांगतो, "माझा आठ एमएमचा होता!" त्या शब्दातही मूत आहेच की. पण मुतखड्याला लाज नाही, उन्हाळीला आहे.

याचं उत्तर दुसऱ्या एका शब्दात मिळतं, ‘परमा’. मूळ संस्कृत शब्द प्रमेह. वैद्यकात प्रमेहाचे वीस प्रकार, मधुमेह त्यातलाच एक. मराठीत येता येता प्रमेहाचा परमा झाला आणि अर्थ आक्रसून एकाच रोगावर आला: गनोरिया, म्हणजे शरीरसंबंधातून होणारा. ‘गरमी’चंही तसंच, तो शब्द सिफिलीसला चिकटला. १८७९ साली आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने गनोरियाचा जंतू दाखवला, तोवर जळजळीचं कुठलं दुखणं कशामुळे, हे खात्रीने वेगळं काढणं अवघडच होतं. शास्त्राने ते वेगळं केलं, समाजाने नाही केलं. लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ अशी स्टिकरं आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं वाचलीत. त्यात बाकीच्या यादीबरोबर ‘लघवीची जळजळ’ पण असायची. आता सांगा, ते वाचत मोठी झालेली बाई डॉक्टरसमोर जळजळ हा शब्द सहज उच्चारेल?

म्हणून एकदा स्पष्ट सांगते. मूत्रमार्गाचा साधा संसर्ग हा गुप्तरोग नाही. बहुतेक वेळा तो आपल्याच आतड्यात राहणाऱ्या जंतूमुळे होतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा साधारण वीस. जंतूला बायकांच्या बाबतीत वाट जवळची पडते, एवढंच. यात चारित्र्य वगैरे कुठेही येत नाही.

आणि आता पारनाका. तिथल्या जोशांच्या घरातली यमुना. १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. सासरी ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढचं आपण शाळेत वाचलंय: अमेरिकेला गेली, डॉक्टर झाली, लवकर वारली. पण ती का गेली, हे तिने स्वतः सांगितलंय आणि ते आपण फारसं वाचत नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये सेरामपूर कॉलेजात तिने भाषण केलं, आणि नंतर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. पत्रातला आशय असा, की माझ्या देशातल्या बायकांना खऱ्या वैद्यकीय मदतीची गरज आहे, पण पुरुष डॉक्टरच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील.

मरण पत्करतील! अठरा वर्षांची पोर हे लिहितेय. तिच्या काळी बायकांची दुखणी शरीरात जेवढी होती, तेवढीच न सांगण्यातही होती. ११ मार्च १८८६ ला तिला एम.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे आपल्याकडच्या बाळंतपणाच्या पद्धती ती परक्या देशातल्या डॉक्टरांना त्यांच्या भाषेत समजावून सांगत होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागासाठी तिची नेमणूक झाली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. बावीस वर्षं पूर्ण व्हायची होती.

ती फिलाडेल्फियात शिकत होती त्याच काळात, १८८५ साली, जर्मनीत थिओडोर एशेरिश नावाचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलांच्या शीतले जंतू तपासत होते. त्यांना एक काडीसारखा जंतू सापडला. पुढे त्यांच्याच नावावरून त्याला एशेरिशिया कोलाय म्हणू लागले. कोलाय म्हणजे कोलनमधला, मोठ्या आतड्यातला. आपल्या रिपोर्टवर येणारा ‘ई. कोलाय’ तो हाच. उन्हाळी कोण लावतं, त्याला नाव मिळालं ते असं.

मराठीत तेव्हा वैद्यक नव्हतं असं समजू नका. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. १८६० च्या दशकात तिथे मराठीतून शिकवणारा वर्ग होता. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या माणसाने मराठीतून वैद्यकाची पुस्तकं लिहिली. हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ज्या रखमाबाईंनी बालपणी लादलेल्या लग्नाला कोर्टात नकार दिला आणि पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या. पण पुढचं वरचं शिक्षण इंग्रजीतच राहिलं, आणि मराठी दवाखान्याच्या दारात चपलांजवळ थांबली.

१९६० साली महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं. त्यांनी परिभाषा कोश केले, शरीरशास्त्राचा केला, औषधशास्त्राचाही. काम मोठं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण मराठी विश्वकोशात किडनीला ‘वृक्क’ म्हटलंय. आत्याला विचारलं, वृक्क म्हणजे काय? ती म्हणाली, "झाड असेल." मूत्रपिंड म्हटलं की तिला कळतं, किडनी म्हटलं की पटकन कळतं. म्हणजे आपल्याकडे तीन मजले झाले. वर कोशातला शब्द, मध्ये रिपोर्टातलं इंग्रजी, खाली आत्याची उन्हाळी. आणि तिन्हींना जोडणारा जिना कुणी बांधलाच नाही.

तो जिना मी आज माझ्यापुरता बांधून दाखवते. मी डॉक्टर नाही. हे त्या डॉक्टरीण बाईंकडून समजून घेतलंय, मग वाचून ताडून पाहिलंय.

‘यूटीआय’ म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, हे सगळ्यांत मोठं नाव. त्याच्या आत जागेप्रमाणे नावं. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह समजा. ‘सिस्टायटिस’ म्हणजे मूत्राशयाचा दाह: जळजळ, सारखी लागणं, ओटीपोटात दुखणं. ‘पायलोनेफ्रायटिस’ म्हणजे मूत्रपिंडाचा: थंडी-ताप, पाठीत कळ, उलटी. पहिल्यात डॉक्टरांकडे जायचं, दुसऱ्यात धावत जायचं. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी अचानक गोंधळल्यासारखं बोलणंही दिसतं, आत्याला झालं तसं.

‘पस सेल्स’ म्हणजे लघवीत सापडलेल्या पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढायला आलेल्या. ‘मिडस्ट्रीम’ म्हणजे मधली धार. आधीची थोडी सोडायची, मधली बाटलीत घ्यायची. आत्याला बाटली देताना हा शब्द सांगितला होता, तिला वाटलं बाटलीचं नाव आहे.

‘कल्चर’ म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं. जसं विरजण लावतो, पण इथे काय वाढतंय ते ओळखायचं असतं. ‘नो ग्रोथ’ म्हणजे काही वाढलं नाही. पेशंटची वाढ खुंटली असा त्याचा अर्थ नाही, हेही कुणीतरी मला खरंच विचारलंय! ‘एक लाखापेक्षा जास्त’ हा आकडा येतो तो अमेरिकेतल्या एडवर्ड कॅस या डॉक्टरांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून. बाटलीत चुकून पडलेले जंतू कुठले आणि खरा संसर्ग कुठला, हे वेगळं काढायला त्यांनी एका मिलीलिटरमागे एक लाखाची रेघ आखली. पण ती लक्ष्मणरेषा नव्हे. त्रास होत असेल तर कमी आकडाही डॉक्टर गंभीरपणे घेतात. उलट काहीच त्रास नसताना लघवीत जंतू दिसले, तर गरोदर बाईसारखे काही अपवाद सोडून सहसा औषध देत नाहीत.

आणि आता तो यादीचा भाग. सेन्सिटिव्ह कोण? आपण नाही, जंतू! जंतू त्या औषधाला बळी पडतो. म्हणजे औषध चालेल. रेझिस्टंट कोण? तोही जंतूच! जंतू त्या औषधाला दाद देत नाही. म्हणजे औषध वाया. आत्याने दोन्ही शब्द स्वतःला लावून घेतले, आणि साहजिकच आहे. रिपोर्टवर नाव तिचं होतं, जंतूचं एका ओळीत. आणि हो, ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं प्रत्येक औषध आपण आपलं घ्यायचं असाही अर्थ नाही. काही औषधं मूत्राशयापुरतीच काम करतात, मूत्रपिंडाला पोहोचत नाहीत. निवड डॉक्टरांची.

डब्यातल्या त्या जुन्या पट्टीवर उभी लाल रेघ होती. २०१६ मध्ये सरकारने मोहीम काढली होती, लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आत्याला ती डिझाईन वाटली. रेघेलाही भाषा लागते.

आता डोंबिवलीकर बायकांनो, आपल्यासाठी. १८५३ ला गाडी ठाण्याला आली, १८५४ ला कल्याणला. तेव्हापासून आपलं आयुष्य गाडीच्या वेळेवर. सकाळची फास्ट पकडायची म्हणून घरून निघताना पाणी प्यायचं नाही, लोकलमध्ये शौचालय नसतं, स्टेशनवरचं कसं असेल सांगता येत नाही, ऑफिसला पोहोचेपर्यंत धरून ठेवायचं. वीस वर्षं मीही हेच केलं. २०११ मध्ये मुंबईत बायकांच्या संघटनांनी ‘राईट टू पी’ नावाची मोहीम सुरू केली तेव्हा आमच्या डब्यात हसण्यावारी नेलं होतं, हे आज कबूल करते. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. त्यांचे संसर्ग बाकीच्यांच्या जवळपास निम्म्यावर आले. दीड लिटर पाणी फुकट आहे हो. पण ते प्यायलेल्या बाईने जायचं कुठे, हा प्रश्न पाण्याचा नाही, महापालिकेचा आणि रेल्वेचा आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, स्टेशनांवर आणि बाजारात बायकांसाठी स्वच्छ, उघडी, कुलूप नसलेली शौचालयं. हे नवीन नाही, पण सोडायचं नाही. दोन, कल्चर रिपोर्टच्या खाली मराठीत तीन ओळी: जंतू कोणता, कोणतं औषध त्याच्यावर चालेल, कोणतं चालणार नाही, आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका’. याला नवा कोश नको, समिती नको. एका लॅबने ठरवलं तर उद्या सकाळी होईल. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता ती रिपोर्टच्या तळाला तीन ओळींपुरती तरी येऊ द्या.

आत्या आता ठणठणीत आहे. बिल्डिंगमधल्या बायकांना गच्चीवर पापड वाळवताना सांगत असते, "‘एस’ म्हणजे साथ देईल, ‘आर’ म्हणजे राहू दे. आणि दोन्ही जंतूबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही." तिला विचारून लिहितेय हे सगळं. आधी म्हणाली, "कशाला गं, लोक काय म्हणतील." मग जरा थांबून म्हणाली, "लिही. नाव नको घालूस, पण उन्हाळी घाल."

तुमच्या घरात या दुखण्याला कोणता शब्द आहे? आगरी, मालवणी, खानदेशी, वऱ्हाडी, कुठलाही चालेल. खाली लिहा. गोळा करून ती यादी आपल्या भागातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची आहे. पुढच्या आजीला कुणी "ऊन फार आहे" म्हणून परत पाठवू नये, एवढ्यासाठी.